गावाचा आकडा काढायचा कसा अन् देशाच्या आकड्याला लावून बघायचा कसा

ग्रामसभेत एकजण उठून म्हणतो आपला देश लोकसंख्येत जगात एक नंबरला गेला, दुसरा म्हणतो बीडात पोरीच राहिल्या नाहीत, तिसरा म्हणतो झेडपीच्या शाळेत लेकरं कुठंयत, सगळे हाव हाव करतात अन् विषय नालीच्या कामावर जातो. यातलं थोडं खरंय, थोडं जुनं झालंय अन् थोडं भलत्याच तक्त्यातून उचललेलंय. तुम्ही सरपंच असा, शाळा व्यवस्थापन समितीत असा, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला रूम करून एमपीएससी करायलात, आपल्या गावाचे खरे आकडे काढता येतात, पैसे लागत नाहीत, मोबाईल अन् दोन-तीन चकरा पुरतात. फक्त प्रत्येक आकड्याला आधी तीन प्रश्न विचारायचे, मोजलं कुणाला, मोजलं कधी, अन् भागलं कशानं. मराठवाड्यात तर त्यातला "कधी" सगळ्यात महत्त्वाचा, कामून ते पुढं येईलच.

आधी देशाचं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये सांगितलं की भारत चीनच्या पुढं गेला, १४२ कोटींच्या वर. हा अंदाज आहे बरं का, दारोदार जाऊन मोजलेला आकडा नाही. दारोदार मोजलेला शेवटचा आकडा २०११ चा, १२१ कोटी. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आधी कोरोना आला अन् मग तारखा पुढं पुढं जात राहिल्या. म्हणून आजही कोणी "आपल्या तालुक्याची लोकसंख्या एवढी" म्हणून छातीठोक सांगत असंल तर तो एकतर २०११ चा आकडा सांगायला किंवा मनानं वाढवून सांगायला. मराठवाड्याचे आठ जिल्हे मिळून तेव्हा १ कोटी ८७ लाख लोक होते, त्यात औरंगाबाद जिल्हा ३७ लाखांचा अन् हिंगोली पावणेबारा लाखांचा, म्हणजे "मराठवाड्याची सरासरी" म्हणताना कुणाचं वजन किती ते ध्यानात ठेवा.

आता गावाचा आकडा. जनगणनेच्या सरकारी साईटवर प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका पडलेली आहे, पीडीएफ. एका भागात गावात काय सोयी आहेत ते, दुसऱ्या भागात गावनिहाय माणसं. शोधताना जुनी नावं टाकायची, औरंगाबाद अन् उस्मानाबाद, कारण पुस्तिका नामांतराच्या आधीच्या आहेत, अन् बीडचं इंग्रजी स्पेलिंग बी-आय-डी असं तीन अक्षरी टाकायचं, दोन ई टाकले की काहीच सापडत नाही अन् माणूस म्हणतो माहितीच नाही. गावाला सहा आकडी कोड असतो, तो एकदा लिहून ठेवा, कारण पिंपळगाव नावाची गावं एकेका जिल्ह्यात कितीतरी निघतात.

दुसरी गोम अशी की जनगणना महसुली गाव धरते, ग्रामपंचायत नाही. गट ग्रामपंचायत असंल तर तुमची दोन-तीन गावं वेगवेगळ्या ओळींत सापडतील, त्यांची बेरीज तुम्हीच करायची. तांडा, वाडी, वस्ती यांचं उलट, स्वतंत्र महसुली गाव नसंल तर तांड्याची माणसं मूळ गावात मिसळून जातात अन् तक्त्यात तांडा दिसतच नाही. तांड्याला अंगणवाडी मागायची असंल तर पुस्तिकेचा उपयोग नाही, तिथं अंगणवाडी ताईचं किंवा आशाताईचं घरनिहाय रजिस्टरच काढावं लागतं. आशा साधारण हजार लोकसंख्येमागं एक असते, तिला कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोण पुण्याला गेलंय, सगळं तोंडपाठ असतं, सरकारी साईटपेक्षा ती खात्रीची.

साक्षरता काढताना बहुतेक लोक चुकतात. समजा गावाची लोकसंख्या २४००, त्यात ० ते ६ वयाची लेकरं ३४०, अन् साक्षर १४८०. कितीतरी जण १४८० ला २४०० नं भागतात अन् ६२ टक्के म्हणून बोंब मारतात. पण साक्षरता सात वर्षांच्या पुढच्यांचीच मोजतात, म्हणून आधी लेकरं वजा करा, उरले २०६०, आता भागा, ७२ टक्क्यांच्या जवळ येतं. दहा टक्क्यांचा फरक नुसत्या भागाकारात. २०११ ला देशाचं प्रमाण ७३ टक्के, महाराष्ट्राचं ८२ च्या वर, अन् जालना जिल्ह्याचं साडेएकाहत्तर, म्हणजे महाराष्ट्रात असूनही देशाच्या खाली. बाया-माणसांचे आकडे वेगळे काढाच, एकत्र आकड्यात बायांचं प्रमाण झाकलं जातंय.

आता ते "कधी". २०११ ला डोकी मोजली ९ ते २८ फेब्रुवारीत. नियम असा की माणूस ह्या सगळ्या दिवसांत घरी नसंल तर तो घरी मोजायचा नाही, जिथं आहे तिथं मोजायचा. फेब्रुवारीत आपल्याकडं काय असतं ते सांगायला नको. बीडात, धारूर-पाटोदा-शिरूर-वडवणी पट्ट्यात, दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टर भरून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात ते सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात, अन् उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेस्तोवर, पट्टा पडेस्तोवर (कारखान्याचं गाळप बंद होईस्तोवर), मार्च-एप्रिलपर्यंत तिकडंच. गावात राहतात म्हातारी माणसं अन् काही लेकरं. म्हणजे ऊसतोडीच्या गावाची शिरगणती बरोबर त्या महिन्यात होते ज्या महिन्यात अर्धं गाव कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, असतंय. ते गाव कागदावर लहान दिसतं, म्हातारं दिसतं, अन् कारखान्याच्या बाजूचं गाव फुगलेलं दिसतं, तेही कोपीपर्यंत मोजणारा पोचला असंल तर. आणि उपकेंद्र ५ हजारांमागं एक, प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजारांमागं एक, हे निकष तर लोकसंख्येवरच चालतात. म्हणून अशा गावाचा आकडा वापरताना शेजारी एक ओळ लिहायची, "मोजणी गळीत हंगामात झाली, स्थलांतरित कुटुंबं अंदाजे इतकी", अन् ती संख्या मुकादमांकडून (तोडीच्या टोळ्या नेणारे) अन् आशाताईकडून घ्यायची, दोघांचं जुळतंय का बघायचं. मुकादमाच्या वहीत कोयते असतात म्हणजे नवरा-बायकोची जोडी, माणसं नाहीत, सोबत गेलेली लेकरं त्यात धरलेली नसतात.

आरोग्याच्या आकड्यांचे तीन झरे आहेत. एक राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, मुंबईची लोकसंख्याशास्त्राची संस्था करते, पाचवी फेरी २०१९ ते २०२१ ची, ह्यात जिल्ह्याचं वेगळं पत्रक मिळतं. दुसरं नमुना नोंदणी पद्धत, महानिबंधक कार्यालयाची, बालमृत्यू-मातामृत्यूसाठी, पण ती राज्यापर्यंतच, जिल्ह्याचा आकडा त्यात शोधत बसू नका. तिसरी गावातली रजिस्टरं. पहिल्या दोघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून लोक गोंधळतात. सर्वेक्षणात देशाचा बालमृत्यू दर हजारी ३५, अन् नमुना नोंदणीत २०२० चा २८. यात कुणी खोटं बोलायलंय असं नाही, सर्वेक्षण मागच्या पाच वर्षांतल्या जन्मांबद्दल विचारतं, नमुना नोंदणी त्या एका वर्षाचं सांगते. दर खाली येत असताना पाच वर्षांचा आकडा जास्तच येणार. तुलना करायची तर एकाच झऱ्याचे दोन आकडे घ्या, हे पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

अन् गावाचा बालमृत्यू दर तर काढूच नका. साधा हिशोब बघा, ३००० च्या गावात वर्षाला ४५ जन्म झाले अन् एक लेकरू दगावलं तर दर झाला २२, दोन दगावली तर ४४, एकही नाही तर शून्य, म्हणजे एकाच गावाचा दर तीन वर्षांत केरळाचाही होईल अन् देशात सगळ्यात वाईटही होईल. गावपातळीवर दर नाही, घटना बघायची. लेकरू का गेलं, किती दिवसाचं होतं, वजन किती होतं, ॲम्ब्युलन्स किती वेळात आली, हे विचारायचं. लेकरू गेलं की त्या घरी जाऊन चौकशी करायची पद्धत आरोग्य खात्यात आहे, ती झाली का एवढं उपकेंद्रातल्या सिस्टरला (नर्सला) विचारलं तरी फरक पडतो.

जन्माच्या रजिस्टरची पण एक गंमत आहे. ग्रामपंचायतीत जाऊन जन्म-मृत्यूची नोंदवही उघडली तर वाटतं गावात लेकरंच जन्मत नाहीत. १९६९ च्या कायद्यानं नोंद जन्म जिथं झाला तिथं होते. बाळंतपणं आता ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर अंबाजोगाईला, लातूरला, नोंद तिकडं. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आपल्या गावच्या सुनेचं लेकरू तिसऱ्याच तालुक्यात नोंदलेलं. मुलं-मुलींचं प्रमाण काढायचं तर सिस्टरच्या माता-बाल रजिस्टरवरून काढा अन् एका वर्षाचं नको, पाच-सात वर्षांची बेरीज करा, ४५ जन्मांत २६ मुलं अन् १९ मुली आल्या म्हणून लगेच सोनोग्राफी सेंटरकडं बोट दाखवता येत नाही. जिल्ह्याचं वेगळं, तिथं संख्या मोठी असते. बीड जिल्ह्यात ० ते ६ वयात हजार मुलांमागं मुली २००१ ला ८९४ होत्या, २०११ ला ८०७ झाल्या, दहा वर्षांत ८७ कमी, अन् हे योगायोगानं होत नसतं.

इथंच एक घोळ व्हॉट्सॲपवर फिरत असतो, "देशात आता हजार पुरुषांमागं १०२० बाया, प्रश्न मिटला". तो आकडा खराय, पाचव्या सर्वेक्षणातलाच आहे, पण तो सगळ्या वयाचा आहे अन् सर्वेक्षणाच्या आदल्या रात्री घरात जे झोपले होते त्यांचा आहे. कामाला बाहेर गेलेले गडी त्यात घरी नाहीतच, शिवाय बाया जास्त जगतात. त्याच सर्वेक्षणात जन्माच्या वेळचं प्रमाण ९२९ आहे. पोटातली पोर वाचायली का नाही हे बघायचं तर हा ९२९ वाला आकडा बघायचा, १०२० चा तिथं काही संबंध नाही.

बालविवाहाचं पण नीट वाचा. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के हा आकडा पेपरात खूप आला, राज्याचा २२ च्या आसपास अन् देशाचा २३. याचा अर्थ ह्या वर्षी लागलेल्या शंभर लग्नांतली ४८ बालविवाह असा होत नाही. २० ते २४ वयाच्या बायांना विचारलेलंय की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. म्हणजे तो साधारण २०१९ च्या आधीच्या पाच-सात वर्षांतल्या पोरींचा आरसा आहे, आजचं त्यात दिसणार नाही. दुसरं, जिल्ह्यामागं सर्वेक्षणात सरासरी ९०० घरं असतात, त्यात ह्या वयाच्या बाया अंदाजे दीड-दोनशे निघणार, म्हणून परभणी ४८ अन् बीड ४४ म्हणजे बीड चांगलं असलं काही काढू नका, एवढा फरक नमुन्यातच इकडं-तिकडं होतो. २२ अन् ४८ हा फरक मात्र खरा, तो पुसला जात नाही. आजचं चित्र बघायचं तर हायस्कूलच्या हजेरीपटावर बसा, आठवी-नववीच्या पोरींत दिवाळीनंतर अन् लग्नसराईत नावापुढं सलग गैरहजेरी कुठं लागायली ते बघा. मुख्याध्यापकांना माहीत असतं, विचारलं की सांगतात, विचारत कुणी नाही.

सरासरी काय काय झाकते त्याचं एक उदाहरण आपल्याच भागातलं. देशात १५ ते ४९ वयातल्या बायांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास. २०१९ ला आमदार नीलम गोऱ्हे यांच्या सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची पाहणी झाली, ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, जवळजवळ १७ टक्के. वयोगट अन् पद्धत वेगळी म्हणून हे दोन आकडे अगदी शेजारी ठेवता येत नाहीत, हे मान्य, पण तीन अन् सतरा एवढं अंतर नुसत्या पद्धतीनं येत नसतं. जिल्ह्याच्या सरासरीत ह्या बाया दिसल्या नसत्या, त्यांना वेगळं मोजलं म्हणून दिसल्या. गावातही तेच करायचं, ऊसतोड कुटुंबं, तांडा, दलितवस्ती यांचे आकडे वेगळ्या पानावर काढायचे.

अंगणवाडीत जायचं तर वजनाच्या दिवशी जा. देशात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के लेकरं वयाच्या मानानं बुटकी, हा आकडा उंचीवरून येतो, अन् उंची नीट घेतली तरच त्याला अर्थ. दोन वर्षांखालचं लेकरू आडवं झोपवून मोजायचं, मोठं उभं करून, टाचा-पाठ-डोकं भिंतीला लागलेलं. प्रत्यक्षात काय होतं, पोरगी रडत असते, पायात चपला तशाच, डोक्यावर आईनं घट्ट बांधलेली शेंडी अन् त्यावर रिबनचं फूल, पट्टी त्या फुलावर टेकते अन् दोन सेंटीमीटर फुकटात वाढतात. ताईवर खेकसू नका, तिच्याकडं अजून चाळीस लेकरं अन् मोबाईलमध्ये भरायची माहिती असते, तुम्ही नुसती शेंडी सोडायला हात लावा.

शाळेकडं या. प्रत्येक शाळेला यूडायसचा (शाळांच्या माहितीची देशभरची सरकारी नोंद) अकरा आकडी कोड असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, शाळेच्या भिंतीवरच लिहिलेला असतो. त्यावरून पटसंख्या, शिक्षक, खोल्या, मुलींचं स्वच्छतागृह, सगळं ऑनलाईन निघतं. निघालं की शाळेत जाऊन ताळा करा, स्वच्छतागृह आहे असं लिहिलेलं असतं अन् त्याला कुलूप असतं, पाणी नसतं. पटाबद्दल एवढं ध्यानात ठेवा, यूडायसला वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर ही तारीख धरली जायची. ३० सप्टेंबरला कोयते निघालेले नसतात. म्हणजे तेच लेकरू सप्टेंबरात शाळेच्या पटावर मोजलं जातं अन् फेब्रुवारीत जनगणनेला गावात नसतं, दोन्ही कागद आपापल्या जागी खरे, अन् मधले पाच महिने त्याची शाळा कुठं होती ते दोन्हीत नाही. म्हणून पट अन् जानेवारीतली हजेरी शेजारी शेजारी लिहा. फरक मोठा असंल तर हंगामी वसतिगृहाची मागणी त्याच कागदावर करा, अन् ती सप्टेंबर-ऑक्टोबरातच, पोरं गेल्यावर अर्ज करून काय उपयोग.

पटावर असणं अन् वाचता येणं हे पण वेगळं. "असर" नावाची पाहणी प्रथम संस्था २००५ पासून करते, शाळेत नाही तर घरी जाऊन, प्रत्येक जिल्ह्यात ३० गावं अन् गावात २० घरं. २०२४ ला ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी लेकरांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ ला तर ४३ टक्क्यांवर घसरलं होतं, कोरोनाचा फटका. जनगणनेत साक्षर का म्हणून घरच्या माणसाला नुसतं विचारतात, इथं लेकराला वाचायला लावतात, फरक त्याच्यातच आहे.

हे तुम्ही गावात एका रविवारी करू शकता. बालभारतीचं दुसरीचं पुस्तक घ्या, पण शाळेत शिकवून झालेला धडा नको, लेकरं तो पाठ म्हणतात अन् बोट भलत्याच ओळीवर असतं. त्याच तोडीचा नवा आठ-दहा ओळींचा मजकूर मोठ्या अक्षरात लिहून काढा. आधी अक्षरं, मग शब्द, मग चार सोप्या ओळी, मग गोष्ट, जिथं अडलं तिथं थांबायचं अन् तीच पायरी लिहायची. आई-बापांना, शेजाऱ्यांना लांब बसवा, नाहीतर "अरे येतंय की तुला, सांग ना" म्हणून लेकरू घाबरतं. नावं ग्रामसभेत वाचू नका, नुसती संख्या सांगा, तिसरी ते पाचवीची इतकी लेकरं, गोष्ट वाचणारी इतकी. मास्तरांना आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर त्यांना वाटतं आपल्यावर चौकशी लागली.

सगळं जमवलं की एका पानाच्या वर जाऊ नका. डावीकडं गाव, मधी जिल्हा, उजवीकडं देश, प्रत्येक आकड्याखाली वर्ष अन् कुठून घेतला ते. जे गावाचं मिळत नाही तिथं रेघ मारा, जिल्ह्याचा आकडा गावाचा म्हणून चिकटवू नका. हे पान ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या वेळी द्यायचं, बोलण्यापेक्षा लेखी दिलेलं टिकतं, अन् कुठलं रजिस्टर दाखवायला नाही म्हटले तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. (लोकांच्या आजाराची माहिती नावासकट मागू नका, ती देत नाहीत अन् देऊही नये.)

आता पुढची जनगणना. घरयादी २०२६ मध्ये एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान अन् डोकी मोजणं फेब्रुवारी २०२७, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, असं जाहीर झालंय. म्हणजे परत गळीत हंगाम. ऊसतोडीच्या गावानं दिवाळीच्या आधीच, ट्रक लागायच्या आत, बैठक घ्यावी अन् जाणाऱ्यांना सांगावं की कोपीवर मोजणारा आला तर पोरासोरांसकट सगळ्यांची नावं द्या, मागच्या वेळी जन्माचं ठिकाण अन् आधी कुठं राहत होता हे विचारलं होतं, ह्या वेळी विचारलं तर तिथं गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं नाव पूर्ण सांगा, नुसतं "बीडकडचे" नको. मोजणारा आलाच नाही तर मुकादमानं कारखान्याच्या गावातल्या तलाठ्याला गाठायचं. मुकादमांचे नंबर अन् कोणता मुकादम कोणत्या कारखान्याला, ही यादी ग्रामसेवकाकडं एक अन् आशाताईकडं एक ठेवा. घरी राहिलेल्या आजीला समजावून सांगा की तिची अन् तिच्याजवळच्या नातवंडांची नोंद घरीच होणार, लेक-सून मोजणीच्या सगळ्या दिवसांत इकडं फिरकलेच नाहीत तर त्यांची तिकडं, दोन्हीकडं लिहायची नाही, अन् कुणाचंच सुटायचंही नाही.